कागदात गुंडाळलेल्या बाटल्या

गेल्या डिसेंबरात नारायणगावला एका मैत्रिणीच्या घरी आम्ही सहाजणी जमलो होतो आणि वाईन प्यायलो, हे आधीच सांगून टाकते. कारण ही गोष्ट आपल्या गटात पोचली आहे, आणि पोचता पोचता बरीच वाढलीही आहे. जानेवारीच्या बैठकीत एका सहकारी ताईंनी सरळ विचारलं, "दिवसा आडव्या बाटलीसाठी सह्या गोळा करायच्या आणि रात्री उभी बाटली घेऊन बसायचं, हे कसं काय?" त्या रागाने बोलल्या, पण प्रश्न खरा होता. बैठकीत मला धड उत्तर देता आलं नाही. नंतर जे सुचलं ते इथे लिहिते आहे. मैत्रिणींनी त्यावर भांडावं, पण छापील मजकुरावर भांडावं, ऐकीव गोष्टीवर नको.

घर एका निवृत्त शिक्षिकेचं. तिची दोन एकर द्राक्षबाग आहे. बाकीच्यांमध्ये सरकारी दवाखान्यातली एक परिचारिका, जुन्नरच्या कोर्टात वकिली करणारी एक, टोमॅटोच्या बाजारात आडतीचं दुकान सांभाळणारी एक, शिक्षिकेची पुण्याहून आलेली मुलगी, आणि मी. घरातले पुरुष एका लग्नाला गेले होते. ते घरी असते तर हा बेत झाला नसता, हेही नोंदवून ठेवते. वकील मैत्रिणीने सगळ्यांचे एका दिवसाचे परवाने काढून आणले होते. आपल्या राज्यात १९४९ चा दारूबंदी कायदा अजून लागू आहे आणि घरात बसून प्यायलाही परवाना लागतो, हे पुष्कळांच्या गावीही नसतं. कायमच्या परवान्यावर पिण्याचं कारण छापलेलं असतं ते प्रकृती राखण्याचं! परिचारिका म्हणाली, "हे आमच्या वॉर्डात भिंतीवर लावायला पाहिजे."

बेत मुलीचा. पुण्यात तिच्या ओळखीत हा खेळ चालतो. बाटल्या झाकायच्या, नंबर घालायचे, प्रत्येक नंबरची चव घेऊन दहापैकी गुण द्यायचे, आणि शेवटी कागद काढून बघायचं की आपण कशाला चांगलं म्हटलं. इंग्रजीत याला 'ब्लाइंड' म्हणतात. 'आंधळं' हा शब्द अडाणीपणासाठी वापरला की आपल्या अंध मैत्रिणींना तो टोचतो, म्हणून मी आपलं 'झाकून चाखणं' म्हणते.

बाटल्या पाच होत्या. नाशिककडच्या दोन तांबड्या, एक पांढरी, एक कुणाच्या तरी भावाने परदेशाहून आणलेली महागडी तांबडी, आणि एक गोव्याची गोड पोर्ट, सगळ्यांत स्वस्त. शिक्षिकेने एक लबाडी केली. महागडीतली अर्धी तिने एका रिकाम्या बाटलीत ओतली आणि सहावा नंबर तयार केला. म्हणजे नंबर सहा, वाईन पाच.

बाटल्या गुंडाळल्या मावशींनी. मावशी तिच्या बागेत बरीच वर्षं कामाला आहेत. आंबेगावच्या पश्चिमेकडच्या, डिंभे धरणाच्या वरच्या अंगाच्या. हिरड्याच्या दिवसांत गावी जातात, एरवी बागायतीत. त्यांना वाचता येत नाही, म्हणून त्यांच्या हातून भेद फुटणार नाही असा हिशेब. बागेत उन्हाने घडांचा रंग बिघडू नये म्हणून प्रत्येक घडाला वर्तमानपत्राचा कागद लावतात, ते काम बायकाच करतात. त्याच हाताने मावशींनी सहा बाटल्यांना कागद लावला. वर पीळ, खाली दुमड, एकाही अक्षराचा पत्ता लागू नये असा.

मग आमची परीक्षा सुरू झाली. खरं सांगायचं तर आम्हांला शब्दच सापडत नव्हते. मुलगी 'फळांचा वास', 'लाकडाचा वास' असं काही सांगत होती. आडतवाली म्हणाली, "ही क्रेटच्या तळाला राहिलेल्या टोमॅटोसारखी लागते," आणि सगळ्यांना ते एकदम पटलं. परिचारिकेला एकीत कफाच्या औषधाची आठवण आली. वकील मैत्रीण प्रत्येकीला पाच गुण देत होती, म्हणजे आपलं हसं व्हायला नको.

कागद काढले तेव्हा पहिली आली होती गोव्याची पोर्ट. नंबर चार आणि नंबर सहा, म्हणजे एकच महागडी वाईन. तिला मी एकदा सात गुण दिले होते आणि एकदा तीन. सहाजणींपैकी एकीलाही ती दोन्ही एकच आहेत हे कळलं नव्हतं. किंमत कळल्यावर मात्र दोघीजणींनी पुन्हा घोट घेतला आणि म्हणाल्या, "हं, आता लागतेय वेगळी." त्या हसण्यावारी म्हणाल्या की खरंच तसं लागलं, हे मला अजून कळलेलं नाही.

यात आम्हांलाच लाज वाटावी असं काही नाही. फ्रान्समध्ये बोर्दोला फ्रेडरिक ब्रोशे नावाच्या संशोधकाने वाईनचं शिक्षण घेणाऱ्या ५४ विद्यार्थ्यांना पांढऱ्याच वाईनमध्ये बिनवासाचा तांबडा रंग घालून दिला. त्यांनी तिचं वर्णन तांबड्या वाईनच्या शब्दांत केलं. हे २००१ साली छापून आलं. त्याआधी २४ मे १९७६ ला पॅरिसमध्ये फ्रेंच परीक्षकांसमोर फ्रान्सच्या नामांकित वाईन आणि कॅलिफोर्नियाच्या वाईन झाकून ठेवल्या होत्या. पांढऱ्यात आणि तांबड्यात, दोन्हींत पहिला नंबर कॅलिफोर्नियाला गेला. या प्रसंगाबरोबर नाव येतं ते स्टीव्हन स्परियर या दुकानदाराचं. कॅलिफोर्नियाच्या वाईन पॅरिसला चाखायला ठेवू या ही कल्पना मुळात त्याच्या सहकारी पॅट्रिशिया गॅलघर यांची होती. हे किती ठिकाणी लिहिलेलं आढळतं, मैत्रिणींनो, तुम्हीच शोधून बघा. परीक्षकांतल्या ओदेत कान या वाईनच्या मासिकाच्या संपादक होत्या. निकाल कळल्यावर त्यांनी आपला गुणांचा कागद परत मागितला होता. मला त्यांचा राग येत नाही. अख्खा धंदा पुरुषांचा, त्यात एवढ्या जागेवर पोचलेल्या बाईला चूक परवडत नाही.

आणखी एक गोष्ट चहाची आहे, ती मला वाईनपेक्षा जास्त आवडते. १९२०च्या दशकात इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात म्युरिएल ब्रिस्टल नावाच्या शास्त्रज्ञ बाई होत्या. त्या म्हणाल्या, कपात दूध आधी घातलं की चहा आधी ओतला, हे मला चवीवरून कळतं. पुरुष सहकारी हसले. रोनाल्ड फिशर यांनी आठ कप मांडले, चार असे आणि चार तसे, न सांगता, उलटसुलट क्रमाने. नुसत्या अंदाजाने सगळे बरोबर ओळखण्याची शक्यता सत्तरात एक. पुढे फिशर यांनी १९३५ च्या आपल्या पुस्तकात प्रयोग कसा रचावा हे शिकवताना हेच उदाहरण घेतलं, आणि जगभरचे संख्याशास्त्राचे विद्यार्थी ते आजवर शिकतात. पुस्तकात बाईंचं नाव नाही. नुसती 'एक स्त्री'. त्यांनी आठही कप बरोबर ओळखले असं सांगतात.

चव हे ज्ञान आहे आणि ते बाईकडे असलं की त्याला नाव राहत नाही, हे मला त्या रात्री ठळक दिसलं ते मावशींमुळे. शिक्षिकेच्या बागेत काढणी कधी लावायची हे साखर मोजायच्या यंत्रावर ठरतं. खायच्या द्राक्षाला सोळा-अठरा ब्रिक्स पुरतं, वाईनच्या द्राक्षाला बावीसच्या पुढे जावं लागतं. पण यंत्र घेऊन ओळीत शिरायच्या आधी मावशी दोन-चार मणी तोंडात टाकतात आणि सांगतात, "ह्या वळीचं चार दिसांनी." शिक्षिका म्हणते, यंत्र बहुधा त्यांच्याच बाजूने बोलतं. या कौशल्याचा वेगळा रोज मावशींना मिळत नाही. बाईचा रोज तो बाईचा रोज, आणि तो पुरुषाच्या रोजापेक्षा कमी. व्यापाऱ्याचा माणूस येऊन एक मणी चाखतो तेव्हा त्याला म्हणतात पारख.

तर हा खेळ संपला तेव्हा मावशी स्वयंपाकघरात भाकऱ्या थापत होत्या. हे लिहिताना मला बरं वाटत नाही. सहाजणी ओसरीवर स्त्रियांच्या चवीबद्दल बोलत होत्या आणि सातवी चुलीपाशी होती. शिक्षिकेने हाक मारली तेव्हा त्या हात पुसत येऊन उंबऱ्याशी बसल्या. पेल्याला हात लावला नाही. चार आणि सहाची गंमत त्यांना पहिल्यापासून माहीत होती, ओततानाच त्यांनी पाहिलं होतं. आम्ही सात आणि तीन गुण देत होतो तेव्हा त्या आत हसत होत्या म्हणे.

मग त्यांनी विचारलं, "ताई, येक इचारू का? तुमी समद्या आता प्यायला. घरी गेल्याव कोन कुनाला मारनार?"

कुणी बोललं नाही. वकील मैत्रीण हसली आणि गप्प झाली.

"कुनीच न्हाई ना? मंग ही दारू येगळी आसंल," असं म्हणून त्या भाकरी करपेल म्हणून उठून गेल्या. मावशींचा नवरा दारूने गेला, हे आम्हां सगळ्यांना माहीत होतं.

'ही दारू वेगळी' हे वाक्य मी आधी ऐकलं होतं. २७ जानेवारी २०२२ ला राज्याच्या मंत्रिमंडळाने मोठ्या किराणा दुकानांत वाईन विकू द्यायचा निर्णय घेतला, तेव्हा सत्तेतली माणसं हेच सांगत होती. वाईन म्हणजे दारू नव्हे, शेतकऱ्याच्या मालाचा रस आहे. मावशी तळातून म्हणाल्या आणि सरकार वरून म्हणालं, पण दोघांचा अर्थ एकदम उलटा. सरकारला म्हणायचं होतं की बाटलीतलं वेगळं आहे. मावशींना दिसत होतं की बाटलीच्या भोवतीचं वेगळं आहे.

बाटलीतल्याचा हिशेब सोपा आहे. १२ टक्क्यांची वाईन १५० मिलीलिटर घेतली तर तिच्यात १८ मिलीलिटर मद्यार्क असतो. ४२.८ टक्क्यांच्या व्हिस्कीचा ३० मिलीलिटरचा छोटा पेग घेतला तर १३ च्या आत. म्हणजे वाईनचा एक पेला लहान पेगापेक्षा जास्त दारू पोटात घालतो. त्यावर 'शेतकऱ्याचा माल' असा कागद लावला म्हणून यकृताला फरक पडत नाही. परिचारिकेने तर त्याच रात्री आम्हांला ऐकवलं की दारूने स्तनाच्या कर्करोगाचा धोका वाढतो, आणि प्रकृतीला सुरक्षित म्हणावं असं दारूचं कुठलंही प्रमाण नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये सांगितलेलं आहे. ऐकवून तिने आपला पेला संपवला. मला ते प्रामाणिक वाटलं.

शेतकऱ्याच्या नावाने जे चालतं ते आपल्या भागाने जवळून पाहिलं आहे. भारतातल्या वाईनची गोष्ट सांगताना लोक नाशिकपासून सुरुवात करतात, पण १९८०च्या दशकात श्यामराव चौगुले यांच्या इंडेज कंपनीने इथे नारायणगावला फ्रेंच तंत्राने फेसाळ वाईन बनवायला घेतली आणि 'ओमर खय्याम' या नावाने ती परदेशात विकली. जुन्नर तालुक्याचं पाणी आणि माती परदेशातल्या टेबलांवर गेली. २००१ मध्ये राज्याने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं, वाईनला करात मोठी सवलत दिली. तरी २००८ च्या मंदीनंतर ती कंपनी कर्जात बुडालीच. या सगळ्या चढउतारात धोरणाच्या कागदावर 'शेतकरी' शब्द कितीदा आला, आणि बागेत छाटणीनंतरच्या काड्या वेचणाऱ्या, विरळणी करणाऱ्या, घडांना कागद लावणाऱ्या बाईसाठी कुठला शब्द आला? ऑक्टोबरच्या छाटणीनंतर डोळे फुटावेत म्हणून काड्यांना जे औषध लावतात, त्यातलं हायड्रोजन सायनामाइड अंगात गेलं आणि वरून दारू प्यायली तर माणसाला भयंकर त्रास होतो. म्हणून ते लावणाऱ्यांनी आधी आणि नंतर काही दिवस दारूला शिवू नये अशी सूचना असते. म्हणजे ज्या हातांनी द्राक्ष फुटतं, त्यांना त्या दिवसांत द्राक्षाची वाईन चालणार नाही! हातमोजे किती बागांत मिळतात, हे आपल्या गटांनी येत्या हंगामात बघायला हवं.

आता भोवतीचं. आम्ही सहाजणी प्यायलो तेव्हा मार का पडला नाही? आम्ही स्वतःच्या पैशाची बाटली आणली होती. आमच्या पिण्याने कुणाच्या घरचं तेलमीठ संपलं नाही. आमचा मूड सांभाळत कुणी पोर कोपऱ्यात बसलं नव्हतं. आणि महत्त्वाचं म्हणजे, प्यायल्यावर बाईला मारायचा हक्क आपल्याला आहे असं आमच्यापैकी कुणाला लहानपणापासून शिकवलेलं नव्हतं. दारू हात सैल करते, पण हात कुणावर उचलायचा ते आधीच ठरलेलं असतं. फौजदाराला बघून हाच दारुडा रस्त्याच्या कडेने सरळ चालतो, हे कुठल्याही गावातल्या बायका सांगतील.

पण मावशींचं म्हणणं मी पूर्ण मान्य करू शकत नाही. सल्ला केंद्रात बसून मी अशी घरं पाहिली आहेत की जिथे काचेच्या कपाटात परदेशी बाटल्या मांडलेल्या असतात आणि बाईच्या दंडावर पाच बोटं. तिथे त्याला दारू म्हणत नाहीत, 'कामाचा ताण' म्हणतात. २००५ चा कौटुंबिक हिंसाचार विरोधी कायदा आल्यावरही त्या घरांतली बाई ठाण्यात यायला खेड्यातल्या बाईपेक्षा जास्त दिवस घेते. हातभट्टीवाल्याचं भांडण गल्ली ऐकते, बंगल्याचं दार जाड असतं.

आपल्या चळवळीचा इतिहास याबाबतीत स्वच्छ होता असं मला वाटतं. शहाद्याला १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला श्रमिक संघटनेतल्या भिल्ल बायकांनी दारूची मडकी फोडली, ती नवऱ्याचा मार आणि बुडणारी मजुरी यांच्या विरोधात. १९९२ मध्ये आंध्रात नेल्लोरच्या दुबगुंटा गावातल्या साक्षरता वर्गातून अर्काविरुद्ध जी लाट उठली, तिनेही सरकारला विचारलं की आमच्या घरातून निघालेल्या पैशावर तुमचा खजिना का चालावा. २०१० साली श्रमिक एल्गारच्या बायका चंद्रपूर जिल्ह्यातून नागपूरला विधानसभेवर चालत गेल्या. २०१५ मध्ये तिथे बंदी आली आणि २०२१ मध्ये उठलीही. या कुठल्याच लढ्याचा मूळ मुद्दा 'दारूचा थेंब पाप आहे' असा नव्हता.

तो मुद्दा आत शिरला तो दुसऱ्या दारातून. आपल्याला गावात पाठिंबा हवा असतो, मग कीर्तनकार येतात, व्यसनमुक्तीवाले येतात, संस्कारांची भाषा येते. आपण ती चालवून घेतो, कारण सह्या वाढतात. शेजारच्या पारनेर तालुक्यात राळेगणसिद्धीला दारुड्यांना खांबाला बांधून मारत असत, हे खुद्द अण्णा हजारे यांनीच सांगितलेलं आहे. २०२२ च्या वाईन निर्णयाविरुद्ध उपोषणाचा इशाराही त्यांनीच दिला होता. तेव्हा आपल्यातल्या अनेकींना वाटलं, चला, बळ मिळालं. मला मात्र खांब आठवत होता. जे गाव खांब रोवतं ते उद्या त्याला कुणाला बांधेल? २४ जानेवारी २००९ ला मंगळूरच्या पबमध्ये शिरून श्रीराम सेनेच्या लोकांनी मुलींना मारलं, ते 'बायका पितात' म्हणूनच. कोर्टात 'माझी बायको पिते' हे वाक्य नवऱ्याच्या बाजूने अजून उपयोगी पडतं. 'मी पितो' हे वाक्य त्याच्या विरुद्ध तेवढं पडत नाही. हे वकील मैत्रिणीचं निरीक्षण आहे, आणि ती रोज तिथे उभी असते.

आणि नारायणगावात बसून तरी आपण हे विसरू नये. तमाशाची पंढरी म्हणवणारं हे गाव. पाडव्याच्या सुमारास फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे पुढारी सुपारी द्यायला येतात. विठाबाई नारायणगावकरांना राष्ट्रपतींचा पुरस्कार मिळाला, २००२ मध्ये त्या गेल्या त्या हलाखीत. आज त्यांच्या नावाने सरकार पुरस्कार देतं. समोर बसून पिणाऱ्या पुरुषांना कुणी लेबल लावलं नाही, लेबल लागलं ते बोर्डावर उभ्या असलेल्या बाईला.

लेबलं लावण्याचं काम सरकारही जुन्या काळापासून करत आलं आहे. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने घरची दारू बेकायदा आणि ठेकेदाराची कायदेशीर झाली. १८९२ च्या कायद्याने घाटाखालच्या ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत मोहाची फुलं गोळा करण्यावरही बंदी आली. आदिवासी बाई सणाला आपल्या मडक्यात जे गाळत होती ते गुन्हा, आणि त्याच गावात सरकारला पैसे भरून विकलेलं ते महसूल. आजही हातभट्टीवर धाड पडते तेव्हा पकडली जाते ती पुष्कळदा एखादी विधवा, जिला दुसरा धंदा कुणी दिला नाही. आपणच तिचं पिंप ओतून देतो आणि टाळ्या वाजवतो. त्यानंतर ती काय खाते, हा प्रश्न आपल्या अहवालात येत नाही. माझ्याही अहवालांत आलेला नाही.

मग आडव्या बाटलीचं काय? माझं म्हणणं असं की त्या मतदानाचा आणि कागद लावलेल्या बाटलीचा गुण एकच आहे. नाव झाकलं की माणूस खरं बोलतं. चारचौघांत हात वर करायला सांगितला तर सासू, दीर, सरपंच सगळे बघत असतात. चिठ्ठीवर उभ्या आणि आडव्या बाटलीचं चित्र असतं आणि शिक्का मारताना बाई एकटी असते. पण २००८ च्या नियमांत एक खोच आहे. आधी एक चतुर्थांश महिलांनी उघड सह्या करून मागणी करायची, म्हणजे गुप्ततेच्या आधीच नावं फुटतात आणि दुकानदाराची माणसं घरी येऊन जातात. पुढे निम्मी मतं मोजायची ती एकूण नोंदलेल्या महिलांच्या हिशेबात. जी ऊस तोडायला गेली, जी लग्न होऊन दुसऱ्या गावी गेली पण नाव यादीत राहिलं, जिला त्या दिवशी रोज बुडवणं परवडलं नाही, त्या सगळ्या उभ्या बाटलीच्या खात्यात. आमदार या मोजणीने निवडले असते तर विधानसभा अर्धी रिकामी राहिली असती. झालेल्या मतदानाच्या निम्म्यावर निकाल लावा आणि मागणीच्या सह्या बंद पाकिटात तहसीलदाराकडे द्यायची सोय करा, या दोन मागण्या आपण या वर्षी लावून धरल्या पाहिजेत. मी कुठली बाटली हातात घेतली यापेक्षा या नियमावर बैठकीचा वेळ जावा असं मला वाटतं. अर्थात हे मी म्हणणं सोयीचं आहे, हेही कळतं.

राहिला प्रश्न, सह्या घ्यायला मी जावं की नाही. सहकारी ताईंचं म्हणणं की जाऊ नये, गावाला कळलं तर मोहीम बुडेल. मला लपवून जाणं जास्त धोक्याचं वाटतं. म्हणून फेब्रुवारीत मावशींच्या गावी मंडळाच्या बायका जमल्या तेव्हा मी आधी हेच सांगितलं. मी डिसेंबरात वाईन प्यायले, तुम्हांला चालत असेल तर बसते, नसेल तर कागद ठेवून जाते. थोडा वेळ कुणी काही बोललं नाही. मग मागून एका म्हाताऱ्या आजींनी विचारलं, "ग्वाड हुती का गं?" मी म्हटलं, एक होती गोड, तिलाच पहिला नंबर दिला. हशा झाला. पण दोघीजणी तेवढ्यात उठल्या आणि काही न बोलता निघून गेल्या. त्यातली एक गेल्या वर्षी विधवा झाली आहे.

त्या दिवशी एकोणीस सह्या आणि अंगठे झाले. चतुर्थांशाला अजून त्रेचाळीस हव्यात. उठून गेलेल्या दोघींपैकी एकीचं घर गावाच्या वरच्या वाडीत आहे. पुढच्या सोमवारी मावशी आणि मी तिच्याकडे जाणार आहोत. मावशी म्हणाल्या, "आदी मी आत जाईन. तुमी भाईर थांबा."